घरून विकायला माल कुठून आणायचा

इंदूरात राहून ऑनलाईन काही विकायचं म्हटलं की सगळे आधी बाहेरच्या होलसेलरचे व्हॉट्सॲप ग्रुप शोधतात, मला हे पटतच नाही, अगं आपल्या दारात एम टी क्लॉथ मार्केट आहे, किराणा-मसाल्याला सियागंज आहे, आणि तासा-दोन तासांवर महेश्वर!

महेश्वरी साडी घ्यायची तर थेट विणकरांकडे जा, हातमागावरची आहे की पॉवरलूमची ते स्पष्ट विचारा, हॅंडलूम मार्क, म्हणजे हातमागाच्या कापडावरचं सरकारी चिन्ह, बघा. काठ उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो म्हणून ती दोन्हीकडून नेसता येते, हे फोटोत नक्की दाखवा. धार जिल्ह्यातलं बाग प्रिंट, म्हणजे लाकडी ठशांनी हाताने छापलेलं कापड, तेही तसंच थेट कारागिरांकडून घ्या, ते जीआय टॅगवालं (त्या भागाची खास ओळख म्हणून नोंदवलेलं) आहे.

पहिल्यांदा थोडाच माल घ्या, पक्कं बिल मागा, आणि डाग निघाला तर परत घेणार का हे पैसे द्यायच्या आधीच बोलून घ्या, कारण ऑनलाईन गिऱ्हाईक परत पाठवतं तेव्हा तो भुर्दंड आपल्यालाच बसतो. मेसेजला उत्तर न देणारा सप्लायर कितीही स्वस्त असो, मी तरी घेणार नाही.

लोणची-मसाले विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी आधी करा बरं का.