दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

२०११ च्या जुलै महिन्यात ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी मी बिटकॉइनचे मायनिंग सुरू केले, तेव्हा वडिलांना बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. बाहेरच्या खोलीतला संगणक दिवसरात्र का चालू असतो, असे त्यांनी विचारले आणि मी त्यांना जमेल तसे समजावून सांगितले. त्या नाण्यांवरचा माझा हक्क सिद्ध करणारी एक गुप्त संख्या असते, तिला प्रायव्हेट की म्हणतात, ती ज्याच्याकडे असेल त्याचेच पैसे, हेही सांगितले. सगळे शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "ठीक आहे. पण दुसरी किल्ली कोणाकडे असते?" बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही, दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या असतात आणि दोघे हजर असल्याखेरीज तिजोरीला हात लागत नाही, या शिस्तीत त्यांची सारी नोकरी गेली होती. मी अभिमानाने सांगितले की इथे किल्ली एकच आणि ती माझ्याकडेच, हीच तर या व्यवस्थेची ताकद आहे. त्यांना ते पटले नाही, आणि त्यांचे न पटणे योग्य होते हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेले रेडिऑन ५८५० हे एक ग्राफिक्स कार्ड एवढीच माझी सामग्री होती. मायनिंग म्हणजे काय, याबद्दल अजूनही गैरसमज आढळतात म्हणून थोडक्यात सांगतो. जगभरच्या बिटकॉइन व्यवहारांचा नवा ब्लॉक, म्हणजे गठ्ठा, साधारण दर दहा मिनिटांनी त्यांच्या सामायिक सार्वजनिक वहीला जोडला जातो, आणि तो जोडण्याचा मान मिळवण्यासाठी लाखो यंत्रे एकाच वेळी एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश, म्हणजे त्या माहितीवरून निघणारी एक संख्या, काढत, ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान उत्तर सापडेपर्यंत अंदाज बांधत राहतात. यंत्रे वाढली तर दर २०१६ ब्लॉकनंतर हे कोडे आपोआप अवघड होते आणि कमी झाली तर सोपे होते. त्या काळी एका ब्लॉकमागे ५० बिटकॉइन मिळत. एकट्याच्या कार्डाला ब्लॉक सापडण्याची शक्यता फारच कमी असल्यामुळे मी एका पूलमध्ये, म्हणजे मिळून मायनिंग करून मिळकत वाटून घेणाऱ्यांच्या गटात, सामील झालो होतो, आणि केलेल्या कामाच्या प्रमाणात मला दिवसाला बिटकॉइनचा पाचवा-सहावा हिस्सा मिळत असे.

वडिलांनी त्यातले गणित स्वतःहून हाती घेतले. रोज सकाळी फिरून येताना ते तळमजल्यावरच्या मीटरचे आकडे पाहत आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहीत. संगणक रोज साडेसहा युनिटच्या आसपास वीज खातो, हे त्यांनीच मला सांगितले. महिन्याला जवळपास दोनशे युनिट वाढले की महावितरणच्या बिलात आमचे घर तीनशे युनिटांचा टप्पा ओलांडून महागड्या दरात जाई. जूनमध्ये ३० डॉलरच्या वर गेलेला बिटकॉइन नोव्हेंबरात दोन-तीन डॉलरवर आला, तेव्हा दिवसाची मिळकत तीस रुपयांच्या आत आणि विजेचा खर्च तिच्याहून जास्त अशी स्थिती झाली. ऑक्टोबरच्या उकाड्यात उघड्या कॅबिनेटसमोर टेबलफॅन लावूनही कार्ड तापत होतेच. नोव्हेंबरअखेरीस मी मायनिंग बंद केले. तोवर साधारण १९ बिटकॉइन जमले होते.

त्यानंतर जे घडले ते मला सविस्तर सांगायचे आहे, कारण त्यात दोष ना बाजाराचा होता ना चोराचा. त्या वेळच्या बिटकॉइन प्रोग्रामचे वॉलेट म्हणजे संगणकातली एक फाइल असे, आणि तिच्यात आधीपासून शंभर किल्ल्या तयार करून ठेवलेल्या असत. प्रत्येक किल्लीतून पैसे स्वीकारण्याचा एक पत्ता तयार होतो, आणि एका पत्त्यावर पैसे आले की प्रोग्राम पुढचा नवा पत्ता समोर ठेवी. मी तो उचलून पूलमध्ये नोंदवत असे, कारण दरवेळी नवा पत्ता वापरावा असाच सल्ला सगळे जाणकार देत. शिवाय कोणाला काही पाठवले तर उरलेली रक्कम मूळ पत्त्यावर परत न येता आणखी एका नव्या पत्त्यावर जाते, हे तेव्हा माझ्या ध्यानात नव्हते. मी जुलैमध्ये पेन ड्राइव्हवर त्या फाइलचा बॅकअप घेतला आणि निश्चिंत झालो. बॅकअपमधल्या शंभर किल्ल्यांचा साठा ऑक्टोबरात केव्हातरी संपला आणि प्रोग्राम निमूटपणे नंतर तयार केलेल्या किल्ल्या वापरू लागला. त्या किल्ल्या माझ्या बॅकअपमध्ये नव्हत्या आणि असणे शक्यही नव्हते.

२०१२ च्या पावसाळ्यात हार्ड डिस्क बंद पडली. मी घाबरलो नाही. पेन ड्राइव्हवरची फाइल नव्या डिस्कवर ठेवली आणि सारे व्यवहार पुन्हा जुळून येईपर्यंत रात्रभर वाट पाहिली. सकाळी १९ च्या जागी १३ दिसले. उरलेले सहा बिटकॉइन कुठे आहेत हे मला माहीत होते आणि आजही आहे. त्यांचे पत्ते माझ्या वहीत आहेत, कोणीही ते सार्वजनिक नोंदीत पाहू शकतो, आणि त्यांतून एक पैही हललेली नाही. ते चोरीला गेले नाहीत, खर्च झाले नाहीत, फक्त त्यांना हात लावण्याचा अधिकार त्या बंद पडलेल्या डिस्कबरोबर संपला. डिस्क दुरुस्त करणाऱ्या दोघांना दाखवली, दोघांनीही आतल्या चकतीवर ओरखडे असल्याचे सांगितले. त्या सहा नाण्यांची आजची किंमत मला लोक काढायला सांगतात, आणि मी ती कधीच काढत नाही. मला त्रास किमतीचा होत नाही. जबाबदारी घेतल्यावर ती कशी चालते हे पुरते समजून न घेतल्याचा होतो. २०१६ साली त्याच प्रोग्रामच्या, म्हणजे बिटकॉइन कोअरच्या, ०.१३ आवृत्तीपासून नव्या वॉलेटच्या सगळ्या किल्ल्या एकाच बीजातून, म्हणजे एकाच मूळ गुप्त संख्येतून, निघू लागल्या आणि अशा रीतीने नुकसान होण्याचे कारण संपले. पण माझ्यासारखे कितीतरी जण त्याआधीच त्या फटीतून खाली पडले होते.

२०१३ मध्ये मी दोन नवी कार्डे घेऊन काही महिने लाइटकॉइन या दुसऱ्या आभासी चलनाचे मायनिंग केले, कारण बिटकॉइनसाठी खास बनवलेली एसिक यंत्रे त्या वर्षीच ग्राहकांच्या हाती पडू लागली होती आणि ग्राफिक्स कार्डाचा तिथे निभाव लागणे शक्य नव्हते. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही.

नाणी जवळ ठेवण्याविषयी बोलताना सगळे जण संयमाचे कौतुक करतात, म्हणजे भाव पडला तरी विकले नाही याचे. माझा अनुभव असा की भावाचा ताण सहन करणे त्यामानाने सोपे असते. २०१३ च्या नोव्हेंबरात बिटकॉइन हजार डॉलरच्या वर गेला आणि २०१५ च्या जानेवारीत दोनशेच्या खाली आला, या सगळ्या काळात मला झोप लागत होती. झोप उडाली ती २०१४ च्या फेब्रुवारीत, जपानमधले माउंट गॉक्स हे एकेकाळचे सर्वांत मोठे एक्स्चेंज, म्हणजे बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीची बाजारपेठ, दिवाळखोरीत निघाले आणि सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचे जाहीर झाले तेव्हा. माझे तिथे काही नव्हते. पण दुसऱ्याच्या भरवशावर ठेवले तर असे होते आणि स्वतःकडे ठेवले तर माझ्या सहा नाण्यांचे झाले तसे होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

त्याच सुमारास बारा किंवा चोवीस शब्दांचे बीज लिहून ठेवण्याची पद्धत रुजू लागली. २०४८ इंग्रजी शब्दांच्या एका ठरावीक यादीतून हे शब्द येतात आणि त्या क्रमातून सारे वॉलेट पुन्हा उभे राहते. मी बारा शब्द चांगल्या वहीच्या कागदावर जेल पेनाने लिहिले, लिफाफ्यात घातले आणि कपाटात ठेवले. ते कपाट आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले होते, आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत पावसाळ्यात पश्चिमेची भिंत कशी होते हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. २०१७ च्या सप्टेंबरात लिफाफा उघडला तेव्हा कागदाच्या मधोमध निळसर डाग पसरलेला होता आणि सातव्या शब्दाचे फक्त पहिले अक्षर ओळखता येत होते. इतर अकरा स्वच्छ होते. बारा शब्दांच्या रचनेत शेवटी चार बिटांची एक पडताळणी दडलेली असते, त्यामुळे एक शब्द हरवला तरी २०४८ पैकी सरासरी सोळातला एकच शब्द त्या जागी चालतो; आणि पहिले अक्षर ठाऊक असल्याने त्यांतलेही मोजकेच उरले. इंटरनेटला कधीच न जोडलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर मी ते एकेक करून बसवून पाहिले आणि रात्री अकराच्या सुमारास माझा ओळखीचा पत्ता पडद्यावर आला. त्यानंतर मी शब्द स्टीलच्या पट्टीवर ठोकून घेतले. त्या यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, म्हणून चारच अक्षरे ठोकली तरी पुरते.

बाहेरचे जग या काळात आपल्या गतीने बदलत होते. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी आभासी चलनांच्या धोक्यांबद्दल पहिला इशारा दिला होता. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना अशा व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली, आणि ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्या वर्षीच्या १ जुलैपासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस लागू झाला. मायनिंग करणाऱ्याला यंत्रसामग्रीचा खर्च खरेदीची किंमत म्हणून वजा करता येत नाही, असे सरकारने संसदेत स्पष्ट केले आहे. मी घर घेताना काही नाणी विकली तेव्हा जवळजवळ सगळ्या रकमेवर कर भरला. कर भरावा याबद्दल माझी तक्रार नाही, पण शेअर्समधला तोटा जसा पुढे ओढता येतो तसा इथे ओढता येत नाही, हे मला अन्यायकारक वाटते.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळे घरात होतो, आणि एके दिवशी जेवताना वडिलांनी तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, "उद्या तुला काही झालं, तर सुनबाईनं कोणत्या खिडकीवर जायचं?" बँकेच्या ठेवीला नामनिर्देशन असते, लॉकरला असते, भविष्य निर्वाह निधीला असते. स्वतःच्या वॉलेटमधल्या नाण्यांना कोणतीही खिडकी नसते आणि मृत्यूचा दाखला दाखवून ती नाणी कोणी देत नाही. माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या महिन्यातच मी तीनपैकी दोन किल्ल्यांनी उघडणारे वॉलेट तयार केले, म्हणजे तीन वेगळी बीजे आणि खर्च करायला त्यांतल्या कोणत्याही दोघांची सही. वडिलांना ते दाखवले तेव्हा ते लगेच म्हणाले, "हे बरोबर आहे. आणि एक हरवली तरी अडत नाही, हे आमच्याकडेही नव्हतं." तिन्ही बीजे आता तीन ठिकाणी आहेत, त्यांतले एक नेरूळला ताईच्या घरी. बाकीची कुठे आहेत आणि एकूण किती नाणी उरली आहेत हे मी इथे लिहीत नाही, आणि कोणीही लिहू नये असेच माझे मत आहे.

या पद्धतीत एक गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगतो. सही करायला दोन किल्ल्या पुरतात हे खरे, पण पत्ता मात्र तिन्ही सार्वजनिक किल्ल्यांपासून, म्हणजे गुप्त किल्लीतून निघणाऱ्या आणि उघड करता येणाऱ्या जोडकिल्ल्यांपासून, तयार होतो. तिसरे बीज हरवले आणि त्याची सार्वजनिक किल्ली कुठेच लिहिलेली नसेल, तर हातात दोन बीजे असूनही आपले पैसे कोणत्या पत्त्यावर आहेत हे संगणकाला पुन्हा मांडता येत नाही. म्हणून प्रत्येक बीजासोबत तिन्ही सार्वजनिक किल्ल्यांची नोंद ठेवावी लागते. त्या नोंदीने कोणाला पैसे काढता येत नाहीत, फक्त शिल्लक पाहता येते.

सोबत मी घरच्यांसाठी मराठीत चार पानांचे एक पत्र लिहिले आहे आणि गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्याची तालीम केली. पत्नीने ताईला बोलावून घेतले, दोघी लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत बसल्या, आणि त्यांनी काहीही विचारले तरी उत्तर द्यायचे नाही असे ठरवून मी वडिलांच्या खोलीत जाऊन बसलो. पहिली तीन पावले वीस मिनिटांत पार पडली. चौथ्या पावलाशी त्या थांबल्या, कारण तिथे मी 'डिस्क्रिप्टर फाइल उघडा' (सार्वजनिक किल्ल्यांची वर सांगितलेली नोंद तिच्यात असते) एवढेच लिहिले होते आणि ती पेन ड्राइव्हवर कोणत्या नावाने आहे हे लिहिलेच नव्हते. दारातून दोघींचे बोलणे ऐकू येत होते. वडिलांनी उठू पाहणाऱ्या माझ्या हातावर हात ठेवला आणि मी पुन्हा बसलो. पाऊण तासाने पत्नीने हाक मारली. पडद्यावर शिल्लक दिसत होती. तिने माझे ते वाक्य पेनने खोडून शेजारी स्वतःच्या अक्षरात फाइलचे नाव, ती ओळखण्याची खूण आणि चुकीची उघडली तर काय दिसते हे सगळे लिहिले होते, आणि ताई त्या पानाची दुसरी प्रत नेरूळला न्यायची म्हणून उतरवून घेत होती.