आमच्या वर्गाचे जनरल रजिस्टर: माझा अनुभव

‘आबा, आते हाई कसाले पाहिजे?’ (आता हे कशाला पाहिजे?) हा प्रश्न गेल्या सात महिन्यांत माझ्या जुन्या शाळेच्या कार्यालयात एकाच टेबलापाशी मला चार वेळा विचारण्यात आला, आणि चारही वेळा मी तेच उत्तर दिले. त्या शाळेत मी जून १९६२ मध्ये आठवीत दाखल झालो आणि मार्च १९६६ मध्ये तिथूनच अकरावीची, म्हणजे त्या काळच्या मॅट्रिकची, परीक्षा दिली. आमच्या मॅट्रिकला साठ वर्षे होत असल्याने वर्गातली जी माणसे हयात आहेत त्यांना एकत्र बोलवावे असे आम्ही काही जणांनी ठरवले, आणि त्यासाठी वर्गात नेमके कोण कोण होते याची यादी आम्हांला हवी होती. माहितीच्या अधिकारात अर्जदाराने माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, नाहीतर मी चौथ्या वेळी तरी गप्प राहिलो असतो.

यादी आठवणीतून करता येईल, असे आम्हांला आधी वाटले होते. प्रत्यक्षात तीन म्हाताऱ्यांनी तीन आकडे सांगितले. एकाच्या मते आम्ही अडतीस, दुसऱ्याच्या मते पंचेचाळीस, आणि तिसऱ्याला तर मुली किती होत्या यावरून भांडण उकरून काढायचे होते. शिवाय निम्म्या मुलांना आम्ही टोपणनावांनीच हाका मारत आलो, त्यामुळे वडिलांचे नाव आणि आडनाव जुळवताना सगळेच अडले. दोन आठवड्यांत एकोणीस फोन नंबर जमले, मंगल कार्यालय ठरले, स्वयंपाकी ठरला. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. घोडे अडले ते शाळेच्या जनरल रजिस्टरपाशी.

ज्यांना हे रजिस्टर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक क्रमांक मिळतो आणि नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक, सोडण्याचे कारण आणि शेरा, असे रकाने एका आडव्या ओळीत भरले जातात. शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून लिहितात. हे रजिस्टर कायम जपून ठेवायचे असते, म्हणजे ते नसण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न ते कपाटातून बाहेर काढण्याचा होता.

पहिल्या वेळी मी तोंडी विचारले, तेव्हा प्रवेशाची गर्दी होती, ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगितले गेले आणि ते मला रास्तही वाटले. दुसऱ्या वेळी मी मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज नेला, तर संस्थेची परवानगी आणा, असे उत्तर मिळाले. संस्थेच्या कार्यालयात गेलो तर तिथल्या गृहस्थांनी, हा शाळेचा अंतर्गत विषय आहे, असे सांगून मला चहा पाजला. चहा चांगला होता. तिसऱ्या वेळी त्याच टेबलावरून नवा नियम ऐकायला मिळाला की दाखला हवा असेल तर मूळ विद्यार्थ्याने स्वतः यावे. मला दाखला नको आहे, यादी हवी आहे, आणि मूळ विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण आता कुठल्याच टेबलापाशी येऊ शकणार नाहीत, हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले. पण खरे सांगायचे तर माझा आवाज चढला होता, आणि शेजारी दाखल्यासाठी थांबलेली एक मुलगी घाबरून बाजूला झाली, याची मला अजून लाज वाटते. आवाज चढवून काहीही हाती लागत नाही. उलट समोरच्याला आपली फाइल खाली सरकवायला निमित्त मिळते.

मग मी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला. इथे एक सूचना: आपल्या राज्यात हा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. माझा पहिला मसुदा दोन पाने भरला होता, कारण त्यात मी १९६२ पासूनचा इतिहास लिहिला होता. तो सगळा काढून टाकताना जीव तुटला. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, हेही सांगून ठेवतो.

तीस दिवसांची मुदत असते. एकोणतिसाव्या दिवशी एका वाक्याचे पत्र आले, की मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही. त्या त्रयस्थ व्यक्तींमध्ये मी स्वतःही होतो. शिवाय त्या पत्रात अपील किती दिवसांत आणि कोणाकडे करायचे याचा उल्लेख नव्हता; नकार देताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण हे तिन्ही कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. हे पत्र मी आठ दिवस खिशात घेऊन फिरलो आणि भेटेल त्याला वाचून दाखवले. बायकोने शेवटी ते पत्र देवघरात ठेवून दिले, म्हणजे मी निदान जेवताना तरी ते काढणार नाही.

वाट सापडली ती आमच्याच वर्गातल्या एका निवृत्त तलाठ्यामुळे. त्याने कायद्याची छोटी पुस्तिका आणली आणि कलम ८, पोटकलम ३ वर बोट ठेवले. वैयक्तिक माहिती म्हणून जे नाकारता येते, त्यालाही काळाची मर्यादा आहे: अर्जाच्या दिवसापूर्वी वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे यांसारखे मोजके अपवाद सोडले तर, द्यावीच लागते. आमची घटना साठ वर्षांपूर्वीची. आमच्या वर्गात देशाची सुरक्षा होती, पण ती रजिस्टरात नव्हती.

ती होती शाळेमागच्या मैदानात. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटले तेव्हा विमानांचा हल्ला झाल्यास लपण्यासाठी आम्ही तिथे नागमोडी खंदक खणला होता. आमची जमीन काळी, दिवस पावसाचे. दोनच दिवसांत कडा ढासळल्या, गुडघाभर पाणी साचले, आणि लपण्याचा सराव करण्याऐवजी आम्ही घमेल्यांनी पाणी उपसत बसलो. तोवर २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. आमचे गाव सुरत-भुसावळ मार्गावर आहे आणि तेव्हा तिथे एकेरी रूळ होता, म्हणून लष्करी गाड्याही क्रॉसिंगसाठी ताटकळत थांबत. आम्ही केळीचे फणे घेऊन डब्यांपाशी धावायचो आणि आमच्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी मुले खिडकीतून हात बाहेर काढायची. त्याच वर्षी शास्त्रीजींच्या सांगण्यावरून घरोघरी सोमवारचे रात्रीचे जेवण बंद झाले, रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली, आणि कळण्याच्या भाकरीवर वाढलेली आमच्या घरातली म्हातारी माणसे मिलोची भाकरी हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहायची. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदहून शास्त्रीजी गेल्याची बातमी आली, आणि दोन महिन्यांनी आम्ही परीक्षेला बसलो.

असो. वीस रुपयांचे तिकीट लावून पहिले अपील केले. त्यात मी यादीच्या प्रतीऐवजी रजिस्टर प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागितली आणि जात-धर्माचे रकाने कागदाने झाकून दाखवले तरी चालेल असे आपण होऊन लिहिले. माझ्या मते सुनावणीत ज्या एका ओळीने काम झाले, ती हीच. अधिकाऱ्यांनी ती दोनदा वाचली, कलम ८(३) पाहिले आणि शाळेच्या प्रतिनिधीला विचारले, की मग अडचण काय आहे? त्यावर कोणाकडेही उत्तर नव्हते. सुनावणी बारा मिनिटांत संपली. सात महिने आणि बारा मिनिटे. बाहेर आल्यावर मी आणि तलाठी मित्राने बसस्टँडवर शेवभाजी खाल्ली आणि पैसे मीच देणार यावरून भांडलो.

प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी (पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत) शिपायाने तीन जाड रजिस्टरे आणून आपटली. पाठीचे कापड उसवलेले, कडा वाळवीने कुरतडलेल्या, आणि निळी शाई फिकट होऊन तपकिरी झालेली. बेचाळीस नावे निघाली, त्यात मुली पाच. जन्मतारखेच्या रकान्यात एकोणीस जणांची तारीख एक जून आहे, माझीही. जन्माची नोंद नसली की मास्तर तीच तारीख टाकत, आणि आजही आमच्यातली निम्मी माणसे त्याच दिवशी शुभेच्छांचे फोन घेतात. जाताना भिंग न्या. मी नेले नव्हते. शिपायाने कुठून तरी भूगोलाच्या प्रयोगशाळेतले आणून दिले.

रजिस्टरांबरोबर चुकून दोन कॅटलॉगही आले, आठवीचा आणि अकरावीचा. हजेरीचे कॅटलॉग इतकी वर्षे सहसा कोणी ठेवत नाही, म्हणून मी ते मागितलेही नव्हते. आठवीच्या कॅटलॉगात फीच्या शेजारी कोणीतरी हाताने एक रकाना आखून वर ‘सं. निधी’ लिहिले होते, आणि खाली प्रत्येकापुढे २५ न.पै. (नवे पैसे) असे आकडे होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि आम्ही महिन्याला चार आणे संरक्षण निधीला देऊ लागलो, ते हे. अकरावीच्या कॅटलॉगात न.पै. मधला ‘न’ गेलेला आहे, कारण १९६४ च्या जूनपासून नुसते पैसे झाले होते.

त्याच आठवीच्या कॅटलॉगात माझ्या दोन ओळी खाली सोनाराच्या मुलाची ओळ आहे. डिसेंबरपर्यंत हजेरीच्या रेघा सलग. जानेवारीत मधूनमधून ‘गै’, फेब्रुवारीत आठवड्यातून तीन-तीन. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. आमच्याकडे चौदा कॅरटची मंगळसूत्राची वाटी कोण घेणार? त्याच्या वडिलांची बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, बंद पडली. जनरल रजिस्टरात त्याने जुलै १९६३ मध्ये शाळा सोडल्याची नोंद आहे आणि कारणाच्या रकान्यात ‘परगावी गेल्याने’ असे लिहिले आहे. ते चूक नाही. पण वर्षभर त्याच्याच डब्यातले खाल्लेल्या मला ते वाचून बराच वेळ पुढचे पान उलटता आले नाही.

दुसरी नोंद अकरावीतली. आमचा एक मित्र १९६५ च्या दिवाळीआधी भरतीला गेला आणि निवडला गेला; स्टेशनवर आम्ही सगळ्यांनी त्याला हार घातला होता, वर्गशिक्षकही आले होते. रजिस्टरात त्याच्या नावापुढे तांबड्या शाईत ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’ असे आहे. मी तिथल्या तिथे विचारले की हे दुरुस्त करता येईल का. आता टेबलावरचा माणूस बराच मऊ झाला होता. त्याने समजावून सांगितले, की शाळा सोडलेल्याच्या नोंदीत बदल करायचा तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, त्यासाठी त्या मूळ विद्यार्थ्याने पुराव्यासह अर्ज करावा लागेल, आणि मग, थोडे थांबून, तो म्हणाला, ‘आबा, तुम्हीच सांगा, करू का सुरुवात?’ मी हात जोडले.

पाहणी करताना मोबाइलवर फोटो काढू देतील असे धरून चालू नका. अपिलातच तसे मागून घ्या. मी मागितले नव्हते, त्यामुळे बेचाळीस नावे वहीत उतरवताना हात भरून आला. आम्ही आमची यादी घरीच छापली. तिच्यातही कारणाचा रकाना ठेवला आहे, पण तो आम्ही भरला. सोनाराच्या मुलापुढे ‘चौदा कॅरट’ लिहिले. भरती झालेल्या मित्रापुढे काय लिहावे हे त्यालाच विचारायला मी रात्री फोन केला. तांबड्या शाईचा शेरा वाचून दाखवला, आणि त्या महिन्यात तो बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात पहाटे चारला उठत होता, हे शाळेला कळवूया का, असेही विचारले. तो खोकला येईपर्यंत हसला.

‘गैरहजर तं व्हतूच ना भो मी!’