वडिलांचं मृत्युपत्र आणि बाहेर राहिलेली ठेव

वडील गेले आणि दादरच्या मामांनी फोनवर एकच धोशा लावला, "आधी प्रोबेट घ्या!" म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का. त्यांच्याकडं ते बरोबरच होतं. मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल किंवा घर-जागा तिथली असेल, तर 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानं तेव्हा प्रोबेट सक्तीचं होतं. आमचं घर मंगळवार पेठेत, मृत्युपत्रही कोल्हापुरातच केलेलं. वकील म्हणाले, "इथं त्याची सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत ना, मग झालं." नगर भूमापन कार्यालयात मृत्युपत्र आणि मृत्यूचा दाखला जोडून अर्ज दिला, सगळ्या वारसांना नोटिसा निघाल्या, कुणाची हरकत आली नाही आणि प्रॉपर्टी कार्डावर आईचं नाव लागलं.

खरा घोळ बँकेतल्या मुदत ठेवीचा. ती मृत्युपत्रानंतर ठेवलेली, त्यात उल्लेख नाही आणि नॉमिनीही नाही. रक्कम थोडी असती तर हमीपत्रावर भागलं असतं. आमची मर्यादेच्या वर गेली. मग कसबा बावड्यातल्या कोर्टात त्याच 1925 च्या कायद्याच्या कलम 372 खाली सक्सेशन सर्टिफिकेटचा, म्हणजे मयताचे पैसे वारसाला मिळावेत म्हणून कोर्ट देतं त्या प्रमाणपत्राचा, अर्ज.

वारसांची नावं सांगताना आम्ही आई, मी आणि बहीण एवढं म्हटलं. वकिलांनी पेन खाली ठेवलं. "वडिलांच्या आई आहेत ना?" आजी! हिंदू वारसा कायद्यात मयताची आईही पहिल्या वर्गातली वारस, विधवा आणि मुलांच्या बरोबरीची. ठेवीत आजीचा चौथा हिस्सा. हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं, आणि तिचं नाव वगळलं की पुढं सर्टिफिकेट रद्दही होऊ शकतं.

ठेव आईच्या नावे करायची म्हणून आम्ही तिघांनी ना-हरकत प्रतिज्ञापत्रं दिली. आजीचा अंगठा घेताना कारकुनानं विचारलं, "मावशी, समजलं ना कशावर देताय?" आजी फणकारली, "लेकाचं पैसं सुनंला द्यायचं, त्यात काय समजायचं हाय?"

पेपरात जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, आईची साक्ष, कोर्ट फी. हे सगळं संथच चालतं, तिथं घाई करून उपयोग नाही. सर्टिफिकेटात ठेवीचा पावती क्रमांक आणि रक्कम लिहिलेली असते. जे त्यात नाही त्यासाठी ते वाढवून घ्यावं लागतं. म्हणून नंतर कपाटात पोस्टाचं पासबुक सापडलं तेव्हा पोटात गोळा आला. त्यावर आईचं नॉमिनेशन होतं. क्लेम फॉर्म आणि मृत्यूच्या दाखल्यावर पैसे मिळाले. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यामुळं आजीला तिचा वाटा विचारला. तिनं त्यातून पंढरपूरचा खर्च मागितला.