पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताना

वडिलांनी 1986 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी कित्येक वर्षे बेळगावजवळच्या खानापूरच्या घरामागील शेडमध्ये उभी होती. खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी आणि त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. ती मुदत जवळ आल्यावर गाडी भंगारात द्यायची की चालती करायची, याचा निर्णय घेणे भाग पडले. इटलीच्या फियाट 1100 वर बेतलेल्या, कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेल्या या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा करून दुरुस्त करता येतो, यावर माझा विश्वास होता. त्यामुळे निर्णय सोपा गेला.

ज्यांच्या हातून ही गाडी पूर्वीपासून जात आली, ते बेळगावचे मेस्त्री आता वयस्कर झाले आहेत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी सांगितले, "आधी ब्रेक, मग इंजिन, रंगाचं नाव सध्या काढू नका." जुनी गाडी हाती घेणारे बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात आणि पैसे तिथेच संपवतात, म्हणून हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि खानापूरचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे व्हील सिलिंडर, म्हणजे प्रत्येक चाकात ब्रेक दाबणाऱ्या छोट्या नळ्या, आतून गंजून खड्डे पडले होते आणि पिस्टन जागीच धरले होते. बाजारात नवे सिलिंडर मिळत होते, पण त्यांतील रबराचा दर्जा मामांना पटला नाही. त्यांनी जुनेच सिलिंडर उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका लेथवाल्याकडे पाठवले. त्याने ते आतून मोठे करून त्यांत पितळी स्लीव्ह (आतली नळी) दाबून बसवली, तिचा आतला व्यास मूळ मापाला आणला आणि ड्रमही लेथवर टर्न करून (आतून गुळगुळीत कापून) दिले. ओतकाम आणि यंत्रकामावर जगणाऱ्या या शहरात असे काम गल्लीच्या तोंडाशी होते, आणि जुनी गाडी सांभाळणाऱ्यासाठी बेळगावात राहण्याचा याहून मोठा फायदा मला दिसत नाही.

इंजिन 1,089 सीसीचे, चार सिलिंडरचे. स्टार्टर मारण्याआधी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडले, ते मुरू दिले आणि मग इंजिन हाताने फिरवले. बराच काळ उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटलेल्या असू शकतात. तशा स्थितीत स्टार्टरचा जोर लावल्यास रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडे पडतात. आमच्या इंजिनाने फारसा विरोध केला नाही.

खरी काळजी पेट्रोलची होती. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्याच जिल्ह्यातील उसावर इथेनॉल तयार होते, याचे मला समाधान आहे. परंतु पद्मिनीच्या काळातील रबर त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते आणि त्याचे कण कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रांत, अडकतात. म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घेतला, आणि टाकी उतरवून आतून धुऊन घेतली. इतर सुटे भाग मुंबईहून मागवले. तिथे काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीच्या भागांचा व्यापार इतरत्र थंडावल्यावरही टिकून राहिला होता.

प्रदूषण तपासणीत या जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधील अंतर आणि ठिणगीचे टायमिंग आधी बसवून, मगच कार्बोरेटरचे मिश्रण जुळवले. हा क्रम उलटा केला तर मिश्रण पुन्हा पुन्हा जुळवत बसावे लागते. आकडा मर्यादेच्या बराच आत आला. नूतनीकरणासाठी फॉर्म 25 भरला, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र जोडले आणि गाडी तपासणीस नेली. चासीचा क्रमांक गंजाखाली गेलेला असल्यास अडचण येते, म्हणून ती पट्टी आधीच साफ करून ठेवली होती. तपासणी सुरळीत झाली.

आता दर पावसाळ्यापूर्वी ब्रेक ऑइल बदलतो, पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीस भरतो आणि दाराखालच्या पट्ट्यांतील पाणी वाहून जाण्याची छिद्रे तारेने मोकळी करतो. रंगकाम उन्हाळ्यावर ठेवले आहे, कारण आमच्याकडील दमट हवेत रंगाआधी पत्र्यावर भरायची लांबी (पुट्टी) नीट वाळत नाही आणि आत राहिलेल्या ओलीमुळे रंगाखालचा पत्रा गंजू लागतो.