चावी सोडली की भक्क

गणपतीला चार दिवस राहिले होते. कोकणातल्या गॅरेजवाल्याला या दिवसांत जेवायलाही उसंत नसते. मुंबईहून येणाऱ्या गाड्या घाट उतरतात तेव्हा कोणाचा क्लच बसलेला असतो, कोणाचे ब्रेक तापून गेलेले असतात. त्या गर्दीत सावंतवाडीच्या आमच्या गॅरेजसमोर टेम्पोवर बांधलेली एक लाल, बुटकी, दोन सीटची गाडी आली आणि पोरं हातातले पाने टाकून बाहेर धावली.

सॅन स्टॉर्म. १९९८ साली आलेली, गोव्यात बनलेली स्पोर्ट्स कार. वरचं छत कापडी, बॉडी फायबरची, आत रेनोचं ११४९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद ६० हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबात हा आकडा मोठा नाही. पण फायबरमुळे अंगाने हलकी असल्याने ती पळते छान. मुळात बनल्याच थोड्या. आता रस्त्यावर एखादी दिसली तर नशीब. माझ्या हाताखालून तोवर एकही गेली नव्हती.

मालक सत्तरीचे, बांद्याजवळचे. नवीन असल्यापासून गाडी त्यांच्याकडेच. दर वर्षी मूर्ती घडतात त्या गणपतीच्या शाळेतून गणपती आणतात तो याच गाडीतून, डावीकडच्या सीटवर बसवून. त्यांनी हात जोडले नाहीत की घाई केली नाही. बॉनेटवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "हिका काय झाला ता बघ रे बाबा."

त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. बॅटरी नवी, प्लग नवे, पेट्रोलचा पंपही नवा. जुना पंप त्यांनी पिशवीत घालून डिकीत जपून ठेवला होता. तरी गाडी चालू होत नव्हती. सेल्फ जोरात फिरायचा, इंजिन मात्र उचलत नव्हतं.

मी सुरुवात नेहमीसारखी केली. बॅटरी १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना १०.४, म्हणजे उत्तम. पेट्रोलचं प्रेशर ३ बारच्या आसपास, म्हणजे तेही ठीक. प्लगला स्पार्क बघितला तर कधी पडायचा, कधी नाही. इंजिन फिरतंय हे कळवणारा क्रँक सेन्सर काढून पुसला, त्याचा रेझिस्टन्स मोजला, तोही बरोबर. आमचा स्कॅनर या गाडीला जोडताच येत नव्हता. म्हणजे मीटर, टेस्ट लॅम्प आणि कान, एवढ्यावरच काम.

कानाने आधी एक गोष्ट पकडली होती. चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद वाजतो, तो आवाज दमलेला येत होता. पंप तर नवा! आधीच्या कारागिराने बहुधा हाच आवाज ऐकून जुना पंप बदलला असणार. नवाही तसाच वाजतो म्हटल्यावर खोट पंपात नाही, त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या करंटात आहे.

दुसरी गोष्ट आमच्या पोऱ्याच्या लक्षात आली. तो सेल्फ मारत होता आणि मी बॉनेटमध्ये वाकलो होतो. तो म्हणाला, "दादा, चावी सोडताना एकदा भक्क करते." मी दहा वेळा करायला लावलं. खरंच! सेल्फ फिरतोय तोवर इंजिन मुकं. चावी सोडली, सेल्फ थांबला, की त्या शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात एक ठिणगी पडून इंजिन उसळी मारायचं. त्या पोराचं मला फार कौतुक वाटलं. निदानाची अर्धी वाट त्याने दाखवली. म्हणजे सेल्फ फिरताना ईसीयूला, इंजिनाच्या कॉम्प्युटरला, पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत, आणि सेल्फचा भार सुटला की तो क्षणभर जागा होतो.

मग बॅटरी १०.४ देत असताना ईसीयू उपाशी का?

ईसीयूला येणारी पॉझिटिव्हची तार तपासली. चोख. मग अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वाट. मीटर बीपवर ठेवून ईसीयूच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत बघितलं. बीप वाजला. मी अर्थ बरोबर आहे असं धरलं आणि तिथे माझा एक तास गेला. रिले उघडले, इग्निशन स्विच सोडवला, वायरिंग चाचपत बसलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण हीच चूक करणारे बरेच जण मी पाहिलेत. बीप वाजवताना मीटर तारेतून अगदी किरकोळ करंट सोडतो. त्याला तारेचा एक धागा शिल्लक असला तरी पुरतो. मीटरच्या स्वतःच्या वायरीच तीन-चार दशांश ओहम दाखवतात. त्यात अर्ध्या ओहमचा दोष कुठे उठून दिसणार? पण त्याच तारेतून पंप, कॉइल आणि इंजेक्टर मिळून ७-८ अँपियर वाहायला लागले की अर्धा ओहम साडेतीन-चार व्होल्ट खाऊन टाकतो.

चहा पिताना मालकांनी दाराच्या पत्र्यावर टिचकी मारली. पत्रा कसला, फायबर. तो ठप्प आवाज ऐकला आणि मला उठून उभं राहावंसं वाटलं. पत्र्याच्या गाडीत सगळी बॉडीच अर्थ असते; एक जोड कमजोर झाला तरी करंट दुसरीकडून वाट काढतो. फायबरमधून करंट जात नाही. इथे प्रत्येक अर्थ तारेनेच परत न्यावा लागतो, आणि त्या तारा जिथे एकत्र येतात तो नट बिघडला की दुसरी वाटच नाही.

मीटर व्होल्टवर लावला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ईसीयूच्या अर्थला. सेल्फ मारला. ३.८ व्होल्ट. तिथे ०.२ च्या वर काही दिसताच कामा नये. १०.४ मधून ३.८ गेले, ईसीयूच्या वाट्याला उरले साडेसहा.

एक जाड वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीयूच्या अर्थला धरली आणि पोऱ्याला म्हटलं, मार. पहिल्या झटक्याला इंजिन सुरू झालं. मालक उठले नाहीत, डोळे मिटून आवाज ऐकत राहिले.

दोष शोधायला मग पाच मिनिटं लागली. आदल्या वर्षी गाडीच्या खालच्या लोखंडी भागाला गंजरोधक रंग मारून घेतला होता. रंगवणाऱ्याने अर्थचे थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाच्या कड्या, सोडवले आणि परत बसवताना रंगावरच आवळले. धातूला धातू लागलाच नव्हता. आट्यांतून जेमतेम संपर्क होता. एक पावसाळा आणि आमची खारी हवा, एवढ्यात आट्यांवर पांढरट-हिरवी पूड जमली. रंग खरवडून लोखंड उघडं केलं, नवी थिंबलं दाबली, दातेरी वॉशर घातले, वरून व्हॅसलीन चोपडलं. शिवाय तिथून बॅटरीपर्यंत एक स्वतंत्र जाड तार ओढली. पुन्हा मोजलं. सेल्फ फिरताना ०.०६ व्होल्ट, आणि पंपाचा आवाज एकदम खणखणीत.

निघताना मालकांनी डिकीतली पिशवी काढून माझ्यापुढे धरली. "ह्येचा काय?" मी जुना पंप टेबलावर पेट्रोलच्या डब्यात धरून थेट बॅटरीला जोडला. तो नव्यासारखाच एका सुरात वाजला. त्यांनी तो पुसून, पुन्हा पिशवीत गुंडाळून डिकीत ठेवला.