खऱ्या सोडून नकली संगिनी का?

माझा संग्रह पाहून झाला की पाहणारा बहुधा एकच प्रश्न विचारतो: जमवायच्याच होत्या, तर खऱ्या संगिनी (बंदुकीच्या नळीच्या टोकाला लावायची पाती) का नाही जमवल्या, या नकला कशासाठी? पैशाचे कारण पुढे केले की बोलणे तिथेच मिटते आणि ते कारण अगदीच खोटे नाही. पण तुम्ही मनापासून विचारलेत, म्हणून नीट सांगतो.

खऱ्या संगिनीला हात लावायला मी कचरतो. शंभर वर्षांच्या चामडी म्यानाची शिवण पाते चारदा आतबाहेर केले तरी उसवू शकते, मग ती वस्तू कपाटात ठेवून लांबून पाहण्यापुरतीच उरते. नकलेशी मात्र झटता येते.

माझ्याकडे सतराव्या शतकातल्या प्रकाराची एक नक्कल आहे. फ्रान्समधल्या बायोन शहरावरून जिला बायोनेट हे नाव पडले असे मानतात, ती ही सुरुवातीची संगीन नळीच्या बाहेरून बसत नसे. तिची निमुळती लाकडी मूठ थेट नळीत खुपसावी लागे, आणि ती आत असेपर्यंत बंदूक झाडता येत नसे. २७ जुलै १६८९ रोजी स्कॉटलंडमध्ये किलिक्रँकी येथे हायलँडर, म्हणजे तिथल्या डोंगराळ मुलखातले लढवय्ये, धावून आले, तेव्हा सरकारी फौजेचा सेनापती मॅके याच्या सैनिकांना गोळी झाडल्यावर संगीन बसवायला सवडच मिळाली नाही, हे मी वाचले होते आणि मनातल्या मनात त्या सैनिकांना हसलोही होतो. पुढे एकदा लाकडाच्या ओंडक्यात पाऊण इंचाचे भोक पाडून ही मूठ त्यात बसवून पाहिली. हलक्या हाताने बसवली तर ती गळून पडे. जोर लावून बसवली तर पिळून, हिसडून, शेवटी ओंडका पायाखाली दाबूनच ती निघाली. समोरून कोणी तलवार घेऊन धावत येत नव्हते, तरी मला घाम फुटला. नळीभोवती कड्यासारखी बसणारी खोबणीची संगीन पुढे सगळीकडे का पसरली, हे मला त्या ओंडक्याने शिकवले.

दुसरा लाभ नकलेतल्या चुकांचा. ब्रिटिशांच्या १९०७ च्या नमुन्याची, सतरा इंची पात्याची संगीन माझ्याकडे आहे. तिच्या मुठीपुढच्या आडव्या पट्टीला पुढे वळलेला आकडा आहे आणि पात्यावर मुकुटाखाली १९०७, त्याखाली १९१७ सालचा ठसा. यातले १९०७ हे नमुन्याचे वर्ष, घडवल्याचे नव्हे (इथे भलेभले फसतात). घडवल्याचा महिना आणि वर्ष त्याखाली असते. पण पट्टीचा तो वळलेला आकडा १९१३ मध्येच नमुन्यातून काढून टाकला होता, तेव्हा १९१७ च्या पात्यापाशी त्याचे काय काम? शिवाय पाते वाकवून परीक्षेत उतरले की त्यावर फुलीची खूण ठोकत असत. माझ्या नकलेवर तीही आहे, मात्र तिचे पोलाद इतके मऊ आहे की वाकवले तर तसेच वाकडे राहील. खरी खूण ठोकलेली असल्याने तिच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो. ही साच्यातून आलेली, कडा साबणासारख्या बोथट. या विसंगती शोधताना मी खरी संगीन जितकी ओळखली, तितकी एखादी निर्दोष वस्तू घेऊन ओळखली नसती.

पात्यावरची पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, हेही मला पुष्कळजण सांगतात. तसे नाही, पात्याचे वजन कमी व्हावे आणि ताठपणा टिकावा, एवढ्यासाठी ती असते.

नकलेचा एक धोका मात्र मी अनुभवला आहे. एका विक्रेत्याने आम्ल लावून गंजवलेली, खोट्या ठशांची संगीन मला अस्सल म्हणून विकली होती, आणि ते कळायला मला दोन वर्षे लागली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नकलेच्या पात्यावर, मुठीलगत, मी ठोकणीने ‘नक्कल’ अशी अक्षरे उमटवतो. किंमत त्याने थोडी घटते. पण माझ्यामागे हा पसारा ज्याच्या हाती जाईल, त्याला निदान ती अक्षरे घासून काढण्याचे कष्ट तरी पडतील.