कुही-अंभोऱ्याच्या पांदणी आणि डिफ लॉकचा सेन्सर

नागपूरहून उमरेड मार्गाने पाचगाव, तेथून कुही आणि पुढे वेलतूरवरून अंभोरा हा सुमारे ७० किलोमीटरचा डांबरी रस्ता कोणत्याही मोटारीने दोन तासांच्या आत पार होतो, आणि वैनगंगेवरील केबल-स्टेड पूल व त्यावरील प्रेक्षक गॅलरी पाहण्यासाठी जाणाऱ्यांनी तोच धरावा. आम्ही मात्र कुहीच्या पुढे डांबर सोडून शेतांमधल्या पांदणींनी आणि नाल्यांच्या पात्रांतून जाण्याचे ठरवले होते. परतीचा पाऊस नुकताच थांबलेला होता, धान लोंबीवर आले होते आणि काळ्या मातीचा वरचा पापुद्रा वाळूनही खाली ओल शिल्लक होती. खालील मजकुरात प्रेक्षणीय स्थळांपेक्षा डिफरन्शिअल लॉकची, म्हणजे एका अॅक्सलवरील दोन्ही चाकांना सारख्याच वेगाने फिरायला लावणाऱ्या यंत्रणेची, स्थिती सांगणाऱ्या एका लहानशा सेन्सरविषयीच अधिक लिहिले आहे, कारण पावसाळ्यानंतर या मार्गाने जाणाऱ्याला त्याच माहितीची खरी गरज पडेल.

आमच्या तीन गाड्यांपैकी एक फोर्स गुरखा, दुसरी २०२० नंतरची महिंद्रा थार आणि तिसरी पुढच्या व मागच्या दोन्ही अॅक्सलना विद्युत लॉक असलेली परदेशी बनावटीची होती. लॉक लावण्याची तिन्ही गाड्यांची तऱ्हा निरनिराळी आहे. गुरख्यात चालक स्वतः लिव्हर ओढून लॉक लावतो. थारच्या काही प्रकारांतील मागचे यांत्रिक लॉक दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की आपणहून लागते. तिसऱ्या गाडीत चालक फक्त बटण दाबतो. ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या व मागच्या अॅक्सलना वाटणारी गिअरपेटी, लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ओढ) आहे आणि वेग मर्यादेत आहे याची खात्री पटल्यावर संगणक अॅक्सलच्या हौसिंगमधील (बाहेरच्या कवचातील) विद्युतचुंबकाला प्रवाह देतो, त्यामुळे आतले दातेरी कडे सरकते आणि दोन्ही बाजूंचे अर्धे अॅक्सल एकमेकांशी जखडले जातात. कडे खरोखर सरकले की नाही हे संगणकाला सेन्सरच सांगतो, आणि तो निरोप मिळेपर्यंत डॅशबोर्डवरील दिवा लुकलुकत राहतो.

निरोप आला नाही, तर संगणकाच्या लेखी लॉक लागलेलेच नसते. अशा वेळी बऱ्याच गाड्या लॉकचा प्रवाह तोडतात, आणि मागचे लॉक पक्के झाल्याशिवाय पुढचे लावू देत नाहीत. परिणामी लॉकची यंत्रणा धडधाकट असूनही चिखलात एकच चाक गरगर फिरत राहते. सेन्सरने खोटे सांगणे म्हणजे काय, हे नागपूरकरांना वेगळे समजावून सांगायला नको. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले आणि नंतर तो सेन्सरचा दोष असल्याचा खुलासा हवामान विभागाला करावा लागला. त्या आकड्याने फक्त चर्चा झाली. नाल्यात उभ्या असलेल्या गाडीचा सेन्सर चुकला तर गाडी तिथेच अडकते.

जिल्ह्यातील शेतकरी जमिनीची प्रत सांगताना कन्हार, मोरंड, खरडी, बरडी असे शब्द वापरतात, आणि चालकानेही ते शिकून घ्यावेत, कारण ‘पुढे बरडी आहे’ आणि ‘पुढे कन्हार आहे’ या दोन वाक्यांत चार चाकांचे नशीब ठरते. बरडीच्या मुरमाड चढावर टायर पकड घेतात आणि लॉकची गरज क्वचितच भासते. कन्हार म्हणजे खोल काळी चिकणमाती. ती ओली असताना टायरच्या खाचा भरून त्यांना गुळगुळीत करते, आणि त्याच वेळी अॅक्सल, स्प्रिंग व वायरिंगच्या आसपास थरावर थर चढवत जाते. ही माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसून टणक होते, हा तिचा गुणधर्म सेन्सरच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे. रात्री वाळलेला गोळा कनेक्टरला घट्ट धरून बसतो, आणि सकाळी अॅक्सल वरखाली होऊ लागला की तो गोळा वायरला ओढत राहतो.

वेलतूरच्या अलीकडे एका नाल्यात हेच घडले. त्याआधी बराच वेळ गाड्या लो रेंजमध्ये चिखल तुडवत आल्या होत्या, त्यामुळे अॅक्सलचे हौसिंग हाताला चटका बसेल इतके तापले होते. पाणी चाकाच्या हबपर्यंत होते. तिसरी गाडी न थांबता उतरली, विनासायास पार झाली आणि पलीकडच्या वाळूत मागचे लॉक लावताच दिवा लुकलुकू लागला. गंमत म्हणजे दिवा लुकलुकत असतानाच बाजूला उभे राहून पाहिले, तेव्हा मागची दोन्ही चाके वाळूत एकसारखी फिरत होती. अर्थात लॉक लागले होते, फक्त त्याची वर्दी पोहोचत नव्हती. गाडी सपाटीवर घेऊन, हँडब्रेक लावून व चाकांना दगडांचे अडसर देऊन खाली पाहिल्यावर कारण दिसले. वायरिंग अॅक्सलला बांधणारा केबल टाय तुटला होता, चिखलाच्या वजनाने वायर ताणली गेली होती आणि कनेक्टरची कुलूपपट्टी अर्धवट निसटली होती. कनेक्टर सोडवताच आतून गढूळ पाणी आले. एका पिनवर मात्र हिरवट थर होता, आणि असा थर एका नाल्याने चढत नाही. ओल त्या कनेक्टरमध्ये कितीतरी आधीपासून मुरत असली पाहिजे.

कनेक्टर कोरडा करून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आणि पट्टी नीट बसवून पाहिल्यावर दिवा स्थिर झाला व पुढचा मार्ग अडचणीविना पार पडला. नागपूरला परतल्यावर वाडीतील एका गॅरेजमध्ये मिस्त्रीने ऑइल भरण्याचा प्लग उघडला, तेव्हा मागच्या डिफरन्शिअलमधील गिअर ऑइल दुधाळ झालेले आढळले. ब्रीदरची, म्हणजे हौसिंगमधली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या लहानशा वाटेची, झडप चिकणमातीने पूर्ण बंद झाली होती. सेन्सर बाहेर काढला तर त्याच्या टोकाला लोखंडाच्या बारीक चुऱ्याचा काळा लेप होता. कनेक्टरमधील ओल, हौसिंगमध्ये शिरलेले पाणी आणि ऑइलमधला चुरा ही तीन वेगवेगळी कारणे एकाच सेन्सरवर एकाच वेळी काम करत होती, आणि त्यांपैकी एकही दुरुस्त न करता नुसता नवा सेन्सर बसवला असता, तर पुढच्या पावसाळ्यात तोही गेला असता.

ब्रीदरकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने. तापलेले हौसिंग थंड पाण्यात उतरले की आतली हवा आकसते आणि तिथे निर्वात निर्माण होतो. ब्रीदर मोकळा असेल तर त्यातून हवा आत येऊन दाब सारखा होतो. तो बंद असेल, किंवा त्याचे टोक पाण्याखाली असेल, तर अॅक्सलची ऑइल सील, सेन्सरची ओ-रिंग, काही वेळा वायरीच्या तारांमधली पोकळी, जिथून वाट मिळेल तिथून पाणी आत खेचले जाते. उपाय स्वस्त आहे. ब्रीदरला ऑइल सहन करणारी लांब नळी जोडून तिचे टोक इंजिनच्या कप्प्यात उंचावर किंवा मागच्या दिव्याच्या पोकळीत न्यावे, टोकाला लहान फिल्टर बसवावा आणि अॅक्सल पूर्ण खाली लोंबला तरी नळी ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवावी. नळी बसवली नसेल, तर निदान पाण्यात उतरण्यापूर्वी काठावर पंधरा-वीस मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात पायी जाऊन नाल्याचा तळ व पलीकडचा चढ पाहून होतो, आणि ते तर एरवीही करायचेच असते.

कनेक्टरची काळजी प्रवासाच्या आधी घरी घ्यावी, चिखलात नव्हे. तो उघडून पिना स्वच्छ व कोरड्या आहेत ना हे पाहावे, रबरी सीलवर डायइलेक्ट्रिक म्हणजे सिलिकोनयुक्त ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि कुलूपपट्टी ‘टक’ आवाजाने बसल्याची खात्री करावी. गॅरेजमधले नेहमीचे चॅसिस ग्रीस वापरू नये. खनिज तेलाने काही प्रकारचे रबर फुगते. वायर खाचदार प्लॅस्टिक नळीतून न्यावी आणि अॅक्सलला दोन-तीन ठिकाणी बांधावी, मात्र अॅक्सलवरून चॅसिसकडे जाणाऱ्या भागात पुरेसा झोल सोडावा. नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंशांत तापून साधे केबल टाय ठिसूळ होतात, म्हणून ते दरवर्षी जूनपूर्वी बदलणे बरे. सेन्सरवर लोखंडी संरक्षक पत्रा लावण्याचा सल्ला अनेक जण देतात. दगडगोट्यांच्या मार्गांसाठी तो योग्यच आहे, पण कन्हारीत त्याच पत्र्याच्या आड चिखल साठून घट्ट होतो. लावायचाच असेल तर खाली निचऱ्याला मोकळी जागा ठेवावी आणि दर मुक्कामी बोटांनी चिखल काढावा.

परत आल्यावर होणारी धुलाई ही नाल्याइतकीच धोक्याची असते. धुलाई केंद्रावरचा पोरगा चिकणमाती निघत नाही म्हणून फवाऱ्याचे तोंड अगदी जवळ नेतो आणि नाल्यात जे पाणी सीलच्या बाहेर राहिले ते तिथे आत घुसते. त्याला कनेक्टर आणि ब्रीदर बोट लावून दाखवावेत, तिथली माती आधी साध्या पाण्याने भिजवून मऊ ब्रशने काढावी आणि जोरदार फवारा त्या जागांपासून दूर ठेवावा.

लॉक वापरण्याच्या सवयींचाही सेन्सरशी थेट संबंध आहे. चाक गरगरत असताना बटण दाबले तर दातेरी कड्यावर आघात होतो, आणि त्यातून उडणारा धातूचा चुरा शेवटी चुंबकीय सेन्सरच्या टोकाशीच जमतो. अडथळ्याच्या आधी, गाडी थांबलेली किंवा अगदी मंद असताना, स्टेअरिंग सरळ ठेवून लॉक लावावे आणि दिवा स्थिर झाल्यावरच पुढे जावे. कठीण जमिनीवर लॉक लावून वळू नये. अॅक्सलमध्ये पीळ साठतो आणि मग बटण बंद केले तरी कडे दातांत अडकून राहते व दिवा लुकलुकतो. अशा लुकलुकण्याला सेन्सर जबाबदार नसतो. स्टेअरिंग सरळ करून गाडी काही फूट मागे घेतली की पीळ सुटतो आणि दिवा विझतो. वर्षभर न वापरलेले लॉकही जड होते, म्हणून महिन्यातून एकदा मुरमाच्या सैल रस्त्यावर ते लावून थोडे अंतर सरळ चालवावे.

सोबत एक जादा सेन्सर, त्याची ओ-रिंग, मल्टिमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि केबल टाय असावेत. गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारे स्वस्तातले ओबीडी स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतात. लॉकचा कोड वाचू व पुसू शकणारा स्कॅनर आहे का, हे निघण्यापूर्वीच तपासावे. वाटेत सेन्सर बदलायची वेळ आली तर गाडी अशा उतारावर उभी करावी की सेन्सरची बाजू वर राहील, नाहीतर त्याच्या भोकातून ऑइल वाहून जाते. पुढचा व मागचा सेन्सर सारखाच असेल, तर दोन्हींची अदलाबदल करून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा होय: दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या अॅक्सलवर गेला तर सेन्सर खराब, जागेवरच राहिला तर वायरिंग.

मार्गाविषयी थोडेच सांगायचे आहे. पांदण ही शेतकऱ्यांची वाट आहे. कापणीच्या दिवसांत तिच्यात खोल चाकोऱ्या पाडल्या तर धानाचे ट्रॅक्टर अडतात, म्हणून पाऊस होऊन दोन दिवसही झाले नसतील तर तिकडे जाऊच नये, आणि समोरून बैलबंडी आली तर आपण बाजूला व्हावे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य याच पट्ट्यात असल्याने जंगलाकडे वळणारी कोणतीही वाट गावात विचारल्याशिवाय धरू नये. अंभोऱ्याजवळ गोसीखुर्दच्या फुगवट्याच्या पाण्याकाठी दिसणारी सपाट, वाळलेली जमीन मोहक वाटते, पण पापुद्र्याखाली गाळ असतो आणि तिथे दोन्ही लॉक लावूनही गाडी पोटावर बसते. डिझेल नागपुरातच भरून निघावे, आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना दोन्ही डिफरन्शिअलचे भरण्याचे प्लग उघडून बोटाने ऑइल पाहावे. रंगात दुधाळपणाची छटा जरी दिसली तरी ऑइल बदलून होईपर्यंत गाडी लांबच्या प्रवासाला काढू नये.